प्लेटलेटचा स्वभाव

"ताई, प्लेटलेट किती आल्या?" पावसाळा सरत आला, घराघरात डेंग्यूचा ताप शिरला, की आमच्या लॅबच्या खिडकीशी दिवसभर हाच एक प्रश्न. स्वतःचा रक्तगट सांगता न येणाऱ्या माणसालाही आज प्लेटलेट हा शब्द पक्का ठाऊक आहे. दीड लाखाच्या वर असतील तर हुश्श, पन्नास हजारांच्या खाली गेल्या तर जिल्ह्याच्या गावी धावपळ, आणि मधे कुठेतरी अडकल्या तर कुणीतरी सांगितलेला पपईच्या पानांचा रस. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. हा आकडा आता तोंडपाठ झाला आहे सगळ्यांच्या.

पण आकड्याच्या पलीकडे प्लेटलेटला एक स्वभाव असतो. ती किती चटकन चिडते, चिडल्यावर आजूबाजूच्या प्लेटलेटना किती जोरात बोलावते, जमलेली गर्दी किती घट्ट धरून बसते, हे सगळं त्या स्वभावात येतं. दोन माणसांचा आकडा अगदी सारखा असला तरी स्वभाव वेगळा असू शकतो. तो ज्या गोष्टींनी घडतो त्यांतली एक थेट आपल्या ताटातून येते. तेल, तूप, मासे, जवस. ही गोष्ट कळल्यापासून मी तिच्या मागे आहे, आणि अजून तिची ओढ कमी झालेली नाही.

प्लेटलेट कशी दिसते ते आधी सांगते. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, वाळू द्यायचा, लीशमनचा रंग घालायचा, धुवायचा आणि वर तेलाचा थेंब टाकून शंभराच्या भिंगाखाली धरायचा. लाल पेशी गोल, मधे फिकट. पांढऱ्या पेशी मोठ्या, पोटात गडद जांभळं केंद्रक. आणि या सगळ्यांच्या फटींमधून विखुरलेले बारीक जांभळे दाणेदार ठिपके. लाल पेशीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेही नाहीत. एखाद्या नवशिक्याला वाटतं की रंग नीट धुतला गेला नाही, कचरा राहिला. मशीनने दिलेला आकडा संशयास्पद वाटला की हे ठिपके मोजायचे, एका क्षेत्रात सरासरी किती दिसतात ते काढायचं आणि त्याला पंधरा हजारांनी गुणायचं. आकडा साधारण जुळतो. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबाची पट्टी असेल तर हेच ठिपके एकमेकांना चिकटून पुंजक्यांनी बसलेले दिसतात. सुई लागली तेवढ्यात त्यांनी आपलं काम सुरू केलेलं असतं.

ज्यूलिओ बिझोझेरो या इटालियन डॉक्टराने १८८२ साली हे काम जिवंत रक्तवाहिनीत पाहिलं. वाहिनीच्या भिंतीला इजा झाली की हे इवलेसे कण तिथे येऊन चिकटतात, हे त्याने लिहून ठेवलं. ही खरं तर पूर्ण पेशीही नव्हे. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाची अजस्र पेशी असते, तिचे तुकडे सुटतात आणि रक्तात येतात, त्या या प्लेटलेट. केंद्रक नाही. त्यामुळे नवं प्रथिन बनवण्याची ताकद जवळजवळ नाही. सात ते दहा दिवसांचं आयुष्य, आणि निघताना जी शिदोरी मिळाली तिच्यावरच ते काढायचं.

त्या शिदोरीतला एक भाग म्हणजे तिच्या आवरणातली मेदाम्लं. माझ्या दृष्टीने सगळी गंमत इथे आहे. प्रत्येक पेशीचं आवरण मेदाचं असतं, हे शाळेत शिकवतात. ते आवरण नुसती भिंत नसून कच्च्या मालाची कोठीही आहे, हे मात्र कुणी शिकवत नाही. रक्तवाहिनी कापली गेली की तिच्या भिंतीतलं कोलॅजन नावाचं धाग्यासारखं प्रथिन उघडं पडतं. प्लेटलेट त्याला चिकटते, आणि चिकटल्याबरोबर तिच्या आतला एक एन्झाइम आवरणातून एक मेदाम्ल तोडून मोकळं करतो. तुमच्या-माझ्या बाबतीत ते बहुतेक वेळा अ‍ॅराकिडॉनिक आम्ल असतं. वीस कार्बनची साखळी, चार दुहेरी बंध. सायक्लोऑक्सिजिनेज हा एन्झाइम त्यावर काम करतो, आणि पुढच्या पायरीला तयार होतं थ्रोम्बॉक्सेन ए-२. हे वाहिनी आवळतं आणि शेजारच्या प्लेटलेटना बोलावून घेतं. अर्ध्या मिनिटात त्यातलं निम्मं विरूनही जातं, म्हणजे ही हाक लांबवर जाऊच शकत नाही. जखमेपाशी ओरडायचं, आणि जखमेपाशीच थांबायचं. याहून नेटकी व्यवस्था मी पाहिलेली नाही.

थ्रोम्बॉक्सेन सापडलं १९७५ साली, स्टॉकहोममधल्या कॅरोलिन्स्का संस्थेत, बेंग्ट सॅम्युएलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. लगेच पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये जॉन व्हेन आणि साल्वादोर मोंकादा यांच्या गटाला रक्तवाहिनीच्या अस्तरात नेमका उलटा रेणू मिळाला. प्रोस्टासायक्लिन. हा वाहिनी सैल करतो आणि प्लेटलेटना शांत ठेवतो. दोन्ही एकाच अ‍ॅराकिडॉनिक आम्लापासून बनतात. प्लेटलेट त्यापासून हाक बनवते, वाहिनीची भिंत त्यापासून शांतता बनवते, आणि या दोघींच्या ओढाताणीत रक्त वाहतं राहतं. व्हेन यांनी त्याआधीच, १९७१ मध्ये, अ‍ॅस्पिरिन याच साखळीत आड येते हे दाखवलं होतं. १९८२ चं नोबेल पारितोषिक सॅम्युएलसन, व्हेन आणि सुने बर्गस्ट्रॉम यांना मिळालं ते याच कामासाठी.

आता समजा, त्या कोठीत अ‍ॅराकिडॉनिक आम्लाच्या जागी दुसरंच मेदाम्ल भरलेलं असलं तर? माशाच्या तेलात ईपीए नावाचं, ओमेगा-३ कुटुंबातलं मेदाम्ल असतं. तेही वीस कार्बनचंच, पण दुहेरी बंध पाच. फरक एका बंधाचा. ते आवरणात अगदी त्याच जागी जाऊन बसतं. इजा झाली की तेच तुटून मोकळं होतं. एन्झाइम ते हातात घेतो, पण काम रेंगाळतं, आणि जे थ्रोम्बॉक्सेन ए-३ निघतं त्याच्या हाकेत फारसा जोर नसतो. उलट वाहिनीच्या भिंतीत ईपीएपासून जे प्रोस्टासायक्लिन बनतं ते मात्र जुन्याइतकंच कामाचं. म्हणजे हाक क्षीण झाली, शांतता तशीच राहिली. एकूण पारडं न गोठण्याकडे झुकलं. पाहुणा अवचित दारात आला की घरात जे भरलेलं असेल तेच त्याच्यापुढे ठेवता येतं, प्लेटलेटचंही तसंच आहे. तिची कोठी मात्र कालच्या जेवणाने भरलेली नसते, आठवड्या-आठवड्यांच्या जेवणाने भरलेली असते.

हे सगळं प्रयोगशाळेत जन्मलं असं वाटेल, पण त्याची सुरुवात बर्फावर झाली. १९७० साली डेन्मार्कच्या ऑल्बोर्ग गावातले तीन जण ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उम्मान्नाक या भागात गेले. हान्स ओलाफ बांग, तरुण डॉक्टर यॉर्न ड्यूरबेर्ग आणि ओसे नील्सन. तिथले इनुइट लोक सील, व्हेल आणि मासे यांवर जगत. इतका मेद खाऊनही त्यांना हृदयविकार क्वचितच होतो असं सरकारी वैद्यकीय नोंदींवरून वाटत होतं. या तिघांनी १३० इनुइट स्त्री-पुरुषांचं रक्त घेतलं. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड डॅनिश लोकांपेक्षा कमी निघालं, आणि १९७१ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मेदाम्लं वेगळी करून पाहिली तेव्हा डॅनिश रक्तात जेमतेम दिसणारं ईपीए इथे भरपूर होतं, आणि अ‍ॅराकिडॉनिक आम्ल कमी. पुढे १९७८ मध्ये ड्यूरबेर्ग आणि बांग यांनी मोंकादा आणि व्हेन यांच्याबरोबर एक लेख लिहिला. बर्फावरचं रक्त आणि लंडनजवळच्या प्रयोगशाळेतले रेणू तिथे एकमेकांना भेटले.

त्या १३० जणांचा विचार माझ्या मनातून जात नाही. मी रोज दंडाला पट्टा बांधून शीर शोधणारी बाई आहे. परक्या देशातून आलेली, परकी भाषा बोलणारी माणसं, त्यांच्यापुढे हात पुढे करायचा, मूठ आवळायची आणि नळी भरेपर्यंत गप्प बसायचं. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात ड्यूरबेर्ग यांचं नाव राहिलं. ते राहायलाच हवं, माणूस चिकाटीचा होता. पण ज्यांच्या शिरेतून ही सगळी विद्या निघाली त्यांची नावं कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत, आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूलच्या बाटलीवर तर नाहीतच नाहीत.

पुढची तपासणी १९७९ मध्ये छापली गेली, आणि ती मला सगळ्यांत जवळची, कारण ती आमच्या हातची आहे. रक्तस्राव थांबायला किती वेळ लागतो ते मोजायचं. आमच्याकडे अजूनही ऑपरेशनआधीच्या कागदावर डॉक्टर 'बीटी-सीटी' असं खरडतात, म्हणजे रक्तस्राव थांबायचा वेळ आणि रक्त गोठायचा वेळ, त्यातली ही बीटी. आयव्ही या संशोधकाच्या पद्धतीत दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो चाळीसवर धरायचा, कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला ठरावीक खोलीची चीर द्यायची आणि घड्याळ सुरू करायचं. दर तीस सेकंदांनी फिल्टर पेपरची कड रक्ताच्या थेंबाला हळूच लावायची, जखमेला मात्र लागू द्यायची नाही. पहिला डाग मोठा, भिजलेला. पुढचा त्याहून लहान. मग गुलाबी टिंब. मग कागद कोरा. कागदावर डागांची उतरती रांग तयार होते. ती रांग किती लांब, तेवढा वेळ. डॅनिश लोकांची सरासरी पाच मिनिटांच्या थोडी आत आली, इनुइटांची आठ मिनिटं. प्लेटलेट पुंजके करण्यातही इनुइटांच्या प्लेटलेट सावकाश होत्या. ताटातला फरक कागदाच्या तुकड्यावर असा डागाडागांनी मोजता यावा, याचं मला आजही नवल वाटतं.

ह्यू सिंक्लेअर हा ऑक्सफर्डचा शरीरशास्त्रज्ञ तर त्याच्याही पुढे गेला. मेदाम्लांच्या कमतरतेने हृदयविकार वाढतो असं तो १९५६ पासून सांगत होता, आणि फारसं कुणी ऐकत नव्हतं. १९७६ च्या ग्रीनलंड मोहिमेत तो बांग आणि ड्यूरबेर्ग यांच्याबरोबर होता. १९७९ मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, त्याने शंभर दिवस फक्त सील, मासे, शिंपले-कोळंबीसारखे समुद्री जीव आणि पाणी यांवर काढले. सुरुवातीला त्याचा रक्तस्राव तीन-चार मिनिटांत थांबत असे. शेवटी शेवटी तो वेळ पन्नास मिनिटांच्या घरात गेला. पन्नास मिनिटं! दर अर्ध्या मिनिटाला एक म्हटलं तर शंभर डाग. माझ्यासमोर असा माणूस आला असता तर मी डॉक्टरांना फोन करून खुर्ची सोडली नसती. एकाच माणसावरचा प्रयोग म्हणून त्याचं शास्त्रीय वजन मर्यादित आहे, हे मान्य. पण खाणं बदललं, प्लेटलेट बदलली, हे इतक्या ढळढळीतपणे क्वचितच कुणी दाखवलं असेल.

आणि इथेच मला थांबून एक गोष्ट ठासून सांगायची आहे. सिद्ध झालं ते एवढंच होतं: समुद्री मेदाने प्लेटलेटचा स्वभाव मवाळ होतो. त्यातून 'माशाचं तेल हृदयविकार टाळतं' ही उडी जगाने मारली. बांग आणि ड्यूरबेर्ग यांनी उम्मान्नाकमध्ये हृदयविकाराचे रुग्ण मोजले नव्हते. तो भाग जुन्या नोंदींवर विसंबून होता, आणि ग्रीनलंडच्या विखुरलेल्या वस्त्यांत डॉक्टर पोचण्याआधीच माणूस गेला तर नोंद कशाची होणार? पुढच्या अभ्यासकांनी ते सगळं पुन्हा तपासलं तेव्हा इनुइटांमधला हृदयविकार इतरांपेक्षा फार कमी असल्याचा पुरावा लटका निघाला, आणि मेंदूच्या पक्षाघाताने होणारे मृत्यू तर तिथे पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळले. जे रक्त सहज गोठत नाही ते नको तिथे वाहूही शकतं. हृदयाचा फायदा जाहिरातीत आला, ही बाजू आली नाही.

मोठ्या चाचण्यांचे निकाल उलटसुलट आहेत. १९९९ च्या इटालियन चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अकरा हजारांवर रुग्णांना रोज एक ग्रॅम ओमेगा-३ ने फायदा दिसला. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जवळपास सव्वीस हजार निरोगी लोकांच्या चाचणीत तेवढ्याच मात्रेने हृदयविकार आणि पक्षाघात मिळून लक्षणीय फरक पडला नाही. त्याच वर्षी रोज चार ग्रॅम शुद्ध ईपीएने जोखीम पाव हिश्श्याने घटल्याचं दुसऱ्या चाचणीत दिसलं, पण तुलनेच्या गटाला खनिज तेल दिलं होतं आणि त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. अशा मोठ्या मात्रांनी हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढतं, हेही दिसलं आहे. ज्याला दुकानातून बाटली उचलायची आहे त्याने ही शेवटची गोष्ट तरी माहीत करून घ्यावी.

आमच्या खिडकीशी हा विषय येतोच. बीटी-सीटीला आलेल्या माणसाला मी विचारते, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? "नाही." अ‍ॅस्पिरिन? "नाही." आणखी काही? मग मागे उभी असलेली सून म्हणते, "आई, त्या पिवळ्या पारदर्शक गोळ्या घेता की." सासूबाई म्हणतात, "अगं, ते काय औषध आहे होय!" मी ते लिहून घेते. घाबरवण्यासाठी नाही. हृदयाच्या ऑपरेशनआधी माशाचं तेल दिलेल्या दीड हजार रुग्णांच्या चाचणीत रक्तस्राव वाढला नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण शेजारी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल हे प्लेटलेटना आवरणारं औषध असेल तर डॉक्टरांना पूर्ण चित्र दिसायला हवं. अ‍ॅस्पिरिन एन्झाइमच कायमचा बंद करते, आणि केंद्रक नसलेल्या प्लेटलेटला नवा बनवता येत नाही. ती मरेपर्यंत मुकी राहते. माशाचं तेल एन्झाइमला हात लावत नाही, कोठीतला माल हळूहळू बदलतं. रस्ते दोन, जागा एक.

राहिला आपल्या घरातल्या स्वयंपाकाचा प्रश्न. तारली आणि बांगडा यांत ईपीए आहे, आणि भरपूर आहे. किनाऱ्यावर हे गरिबाचे मासे म्हणून मागे पडले याचं मला वाईट वाटतं. सुरमई-पापलेटला मान, आणि तारलीला नाक मुरडायचं! विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी होणाऱ्या जवसाच्या चटणीत वेगळं मेदाम्ल असतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल. तेही ओमेगा-३ च, पण साखळी अठरा कार्बनची. शरीराला ती लांबवून, तिच्यात बंध घालून ईपीए करावं लागतं, आणि यात हाती लागतं ते थोडंच, शेकड्यात काही टक्के. शिवाय जवस अख्खे गिळले तर बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडतात. भाजून कुटायची आपली जुनी रीत यासाठी तरी सोडू नये. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६, तीन चतुर्थांशाच्या आसपास असतं. त्यापासून शरीर अ‍ॅराकिडॉनिक आम्ल बनवतं, आणि साखळीत बंध घालणाऱ्या त्याच एन्झाइमांसाठी ओमेगा-३ आणि ओमेगा-६ ही दोन्ही कुटुंबं भांडतात. म्हणून करडई वाईट, असा निष्कर्ष काहीजण काढतात. मला तो पटत नाही. ओमेगा-६ तेल जास्त खाल्लं तरी रक्तातलं अ‍ॅराकिडॉनिक आम्ल फारसं हलत नाही असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. शरीर त्याची पातळी धरून ठेवतं.

आणि प्रत्येकाचं शरीर ती सारखीच धरत नाही. २०१५ मध्ये ग्रीनलंडच्या इनुइटांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेदाम्लांत दुहेरी बंध घालणाऱ्या एन्झाइमांच्या, म्हणजे फॅड्स जनुकांच्या भागात पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीच्या ठळक खुणा निघाल्या. सीलच्या चरबीतून तयार ईपीए मिळत असताना घरी बनवायची गरज कमी, म्हणून तो कारखाना मंदावलेला. म्हणजे ज्यांच्यावरून सगळ्या जगाला सल्ला दिला गेला, त्यांचं शरीरच त्या आहाराशी जुळवून घेतलेलं होतं.

दुसरा अभ्यास २०१६ चा, आणि तो वाचला तेव्हा मी दोनदा मागे जाऊन गावाचं नाव पाहिलं. पुणे. मुख्यतः शाकाहारी असलेल्या २३४ पुणेकरांच्या रक्तात फॅड्स-२ जनुकापाशी एक छोटासा जादा तुकडा पाहिला गेला. तो तुकडा असला की वनस्पतींतल्या मेदाम्लांपासून लांब साखळ्या बनवण्याचं काम जोरात चालतं. आई आणि वडील दोघांकडूनही तो मिळालेले लोक पुण्यात ६८ टक्के निघाले, तुलनेला घेतलेल्या अमेरिकन गटात १८ टक्के. मासे-मटण न खाणाऱ्या पिढ्यांनी आपली अ‍ॅराकिडॉनिक आम्लाची गरज घरच्या घरी भागवायला शिकलेलं शरीर वारसा म्हणून दिलं. अशा शरीरात आता रिफाइंड तेलाचे डबे रिकामे होऊ लागले तर प्लेटलेटच्या कोठीत काय भरलं जातं, ही शंका त्या संशोधकांनाही आली होती.

आपल्या राज्यात हे प्लेटलेटपर्यंत नेऊन बघता येईल. गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ मध्ये त्यासाठी साधी पद्धत दिलेली आहे: प्लेटलेटचं गढूळ द्रव नळीत घ्यायचं, त्यातून प्रकाश सोडायचा, चिथावणारा पदार्थ घालायचा. प्लेटलेट पुंजके करतात, द्रव निवळतं, पलीकडे जास्त प्रकाश पोचतो, आणि आलेखाची रेषा वर चढते. सिंधुदुर्गातली तारली खाणारी कोळीवाड्यातली घरं, जवसाची चटणी रोज लागणारी वऱ्हाडातली घरं, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेली पुण्यातली घरं. तिन्हींच्या रेषा शेजारी शेजारी, आणि जनुकाच्या नोंदी त्यांच्या खाली. ज्यांचं रक्त घेतलं त्यांना निकाल घरी नेऊन, त्यांच्या भाषेत समजावून सांगायचा, ही अट माझ्याकडून. असा अभ्यास कुणी काढला तर रक्त घ्यायला मी रजा टाकून येईन.